जीपवाल्यांचा जपानी

शिमोनोसेकी हे जपानच्या होन्शू बेटाचं पश्चिम टोक. समोर अरुंद सामुद्रधुनी आणि पलीकडे क्युशू बेट. विषारी फुगू माशाच्या व्यापारासाठी हे बंदर जपानभर प्रसिद्ध आहे. ३१ जुलै १९८२ रोजी या गावात जन्मलेला एक मुलगा पुढे फुटबॉलच्या मागे लागून सिंगापूर, कोलकाता करत मुंबईला पोचला. कांदिवलीत कारखाना असलेल्या जीपवाल्या कंपनीच्या संघात तो मधल्या फळीत खेळला, मग पुण्यात स्थिरावला. जपानचं नागरिकत्व सोडून त्यानं भारताचं घेतलं आणि वयाच्या तिसाव्या वर्षी भारताचा निळा शर्ट अंगात घातला. मैदानावर त्याला सगळे अराता इझुमी म्हणतात. भारतीय कागदपत्रांत त्याचं नाव नीलकंठ खंभोळजा. वडील गुजराती, आई जपानी. घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या पाटीवर हे आडनाव असतं, तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं मान वर करूनही बघितलं नसतं.

अराताच्या गोलांची यादी देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. मला खुणावते ती वेगळीच गोष्ट. महाराष्ट्रात तो महिंद्रा युनायटेड, पुणे एफसी आणि एफसी पुणे सिटी या क्लबांकडून खेळला आणि आज यांपैकी एकही क्लब शिल्लक नाही. एका माणसानं या मातीत राहण्यासाठी देश बदलला आणि ज्यांच्यासाठी तो घाम गाळत होता ती घरं एकामागून एक बंद होत गेली. हे का झालं ते समजून घ्यायला अराताची कारकीर्द फार उपयोगी पडते, कारण तिचं एक टोक जपानमध्ये आहे, आणि तिथे हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटला.

सुरुवात सिंगापूरची. जपानमधल्या निगाता शहराच्या अल्बिरेक्स क्लबनं २००४ पासून सिंगापूरच्या लीगमध्ये आपला एक उपसंघ उतरवला होता. त्यात सगळे तरुण जपानी खेळाडू. मायदेशातल्या मोठ्या लीगमध्ये जागा न मिळालेल्यांना तिथे वर्षभर व्यावसायिक फुटबॉल खेळायला मिळे. अराता तिथे २००५ मध्ये होता. पुढचा मुक्काम ओकायामा प्रांतातलं कुराशिकी शहर. तिथल्या मिझुशिमा भागात मित्सुबिशीचा मोटार कारखाना आहे आणि कारखान्याचा फुटबॉल संघ आहे. जपानच्या तेव्हाच्या तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये हा संघ नुकताच चढला होता. त्यानंतर अराता कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये एक हंगाम खेळला आणि २००७ मध्ये महिंद्रा युनायटेडमध्ये आला.

इथे एक योगायोग आहे, जो मोटारगाड्यांच्या शौकिनांना आवडेल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन विलिस कंपनीची जीप परवान्यावर बनवणाऱ्यांत महिंद्रा होते, तसेच मित्सुबिशीही होते. महिंद्रांनी मुंबईत १९४७ मध्ये जीपची जोडणी सुरू केली आणि मित्सुबिशीनं जपानमध्ये १९५३ पासून ती बनवली. म्हणजे अराता एका जीपवाल्यांकडून दुसऱ्या जीपवाल्यांकडे आला. महिंद्राच्या संघाला इंग्रजी वर्तमानपत्रं ‘जीपमेन’च म्हणत.

हा संघ १९६२ चा. मुंबईच्या फुटबॉलचा तो कंपन्यांचा काळ होता. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, ओएनजीसी, रेल्वे, बँका. खेळाडूला नोकरी मिळे, संध्याकाळी सराव आणि कूपरेजवर सामने. वांद्रे, मरोळ, वाकोला, ऑर्लेम, बोरिवलीची आयसी कॉलनी अशा ख्रिस्ती वस्त्यांतली पोरं आणि गोव्याहून, केरळहून आलेली मुलं यांच्या पायांवर हे फुटबॉल चाललं. मराठी मध्यमवर्गाचं लक्ष तेव्हाही शिवाजी पार्काकडेच होतं, हे आपलं आपण कबूल केलेलं बरं. २००० मध्ये संघाला महिंद्रा युनायटेड हे नाव मिळालं. २००३ आणि २००५ मध्ये त्यांनी फेडरेशन चषक जिंकला आणि २००५-०६ च्या हंगामात डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीग. मुंबईच्या कुठल्याही क्लबला त्याआधी हे जमलं नव्हतं. ब्राझीलचा बरेटो, घानाचा याकुबू आणि मुंबईचाच स्टीव्हन डायस हे त्या संघाचे चेहरे. अराता आला तो या यशानंतर, भरल्या घरात. तो मूळचा हल्ला करणारा मिडफिल्डर. गरज पडली तर कडेनं पळायचं, नाही तर आघाडीवर उभं राहायचं, दोन्हीला तयार. तो संघात असताना, २००८ मध्ये महिंद्रानं ड्युरँड चषक पुन्हा जिंकला.

आणि मार्च २०१० मध्ये कंपनीनं जाहीर केलं की हंगाम संपला की संघ बंद. यापुढे लक्ष शालेय आणि तळागाळातल्या फुटबॉलवर द्यायचं, असं कारण दिलं गेलं. कारण खोटं नव्हतं. स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या साथीनं शाळकरी मुलांची स्पर्धा त्यांनी खरोखरच चालवली. तरीही जवळजवळ अर्धशतकाचा, राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला संघ एका पत्रकानं संपला. मोर्चा निघाला नाही, सह्यांची मोहीम निघाली नाही. कांदिवलीला आकुर्ली रोडवर कारखान्याचं फाटक होतं तिथेच राहिलं. त्या फाटकासमोरून रोज रिक्षानं जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होतं की देशाचा विजेता संघ याच नावाचा आहे, हा प्रश्न मला कंपनीच्या निर्णयापेक्षा जास्त टोचतो.

आता गंमत बघा. मित्सुबिशी मिझुशिमाचा संघही याच सुमारास संकटात आला. जगभर मंदी होती, मूळ कंपनी अडचणीत होती. २००९ च्या हंगामानंतर त्यांनी राष्ट्रीय पातळीच्या लीगमधून माघार घेतली. पण संघ मोडला नाही. तो खाली, चुगोकू प्रदेशाच्या लीगमध्ये जाऊन खेळू लागला. पायऱ्यांची उतरंड नीट बांधलेली होती, म्हणून पडणाऱ्याला खालची पायरी सापडली. आपल्याकडे २०१० मध्ये महिंद्रासारख्या संघाला खाली उतरून उभं राहायला जागाच नव्हती असं नाही, मुंबईची स्थानिक लीग होतीच. पण तिथे खेळणं हा कुणाला पर्याय वाटला नाही.

जपानचं हे चित्र मुळात आपल्यासारखंच होतं. तिथलंही फुटबॉल कंपन्यांचं. मित्सुबिशी, फुरुकावा, माझदा, निस्सान, टोयोटा, सुमितोमो मेटल. आणि एक काळ असा होता की आपण त्यांच्या पुढे होतो. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारतानं उपांत्य सामन्यात जपानला ३-० असं हरवून पुढे सुवर्णपदक घेतलं. १९६२ मध्ये जकार्तालाही जपानवर २-० असा विजय आणि पुन्हा सुवर्ण. मग १९९३ मध्ये जपाननं जे-लीग सुरू केली आणि सहभागी क्लबांना एक अट घातली, कंपनीचं नाव मागे घ्या आणि गावाचं नाव लावा. मित्सुबिशीचा मुख्य संघ उरावा रेड डायमंड्स झाला. टोयोटाचा नागोया ग्रॅम्पस, माझदाचा सानफ्रेचे हिरोशिमा, सुमितोमोचा काशिमा अँटलर्स. पैसा बऱ्याच अंशी कंपन्यांचाच राहिला, पण शर्टावर गाव आलं, आणि गावानं मग त्या शर्टावर हक्क सांगितला. पाचच वर्षांनी, १९९८ मध्ये, जपान पहिल्यांदा विश्वचषकात खेळला.

हक्क सांगणं म्हणजे काय, त्याचं उदाहरण योकोहामाचं. १९९८ मध्ये योकोहामा फ्ल्युगेल्स या क्लबच्या दोन पुरस्कर्त्यांपैकी एका बांधकाम कंपनीनं हात वर केले. क्लब त्याच शहरातल्या मारिनोसमध्ये विलीन करायचं ठरलं. लीगचे उरलेले सामने संपल्यावर राहिली ती फक्त बाद पद्धतीची सम्राट चषक स्पर्धा, म्हणजे संघ हरेपर्यंतच जिवंत राहणार होता. ते हरलेच नाहीत. १ जानेवारी १९९९ रोजी अंतिम सामना २-१ असा जिंकून फ्ल्युगेल्स संपले. विलीनीकरण मान्य नसलेल्या चाहत्यांनी वर्गणी गोळा केली, योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब काढला, आणि २००७ मध्ये तो क्लब जपानच्या पहिल्या पायरीच्या लीगमध्ये खेळत होता. त्याच वर्षी अराता मुंबईत उतरला.

महिंद्रा बंद होण्याच्या आधीच, २००९ मध्ये, तो पुण्याला गेला होता. पुणे एफसी हा अशोक पिरामल समूहानं २००७ मध्ये काढलेला क्लब. शहराचं नाव, बालेवाडीचं मैदान, मामुर्डीला अकादमी. कागदावर सगळं जे-लीगच्या धर्तीचं. प्रशिक्षक डेरिक परेराही महिंद्रातून तिथे आले होते. आय-लीग या राष्ट्रीय लीगमधल्या आपल्या पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, संघ तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा. अराताच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात स्थिर वर्षं. माझ्या मते त्याचं खरं गाव पुणेच.

याच काळात नागरिकत्वाचं प्रकरण घडलं आणि त्याची कायदेशीर बाजू थोडी सविस्तर सांगायला हवी. प्रौढ माणसाचं दुहेरी नागरिकत्व भारतालाही चालत नाही आणि जपानलाही नाही. भारतीय मूळ असलेल्यांना २००५ पासून ओसीआय कार्ड मिळतं, पण ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. मूळ भारतीय पण परदेशी पासपोर्ट असलेल्या खेळाडूंना देशाकडून खेळू द्यावं की नाही यावर वाद झाला, तेव्हा २००८ च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयानं दार लावून घेतलं. भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताचा शर्ट. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात वाढलेल्या, आजोबा जालंधरचे किंवा आणंदचे असलेल्या खेळाडूंची नावं दर दोन वर्षांनी आपल्या वर्तमानपत्रांत येतात आणि पासपोर्टपाशी अडकतात, ती या नियमामुळे. तिकडचा पासपोर्ट सोडणं म्हणजे युरोपातल्या क्लबांची दारं स्वतःहून लावून घेणं. पंचविशीतला कुठला खेळाडू ते करील?

मिश्र विवाहातल्या मुलांच्या बाबतीत दोन्ही देशांचे जुने कायदे आणखी विचित्र होते. १९८४ अखेरपर्यंत जपानचं नागरिकत्व जन्मानं मिळे ते वडिलांकडून. आईकडूनही ते मिळायला लागलं १९८५ पासून. परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी भारताचा कायदाही १९९२ पर्यंत बापाकडेच बघत होता. अराताच्या पिढीतली अशी मुलं दोन देशांच्या सरकारी खिडक्यांमध्ये जन्मल्यापासूनच उभी होती. आयुष्यात कधी ना कधी त्यांना एक खिडकी निवडावीच लागे.

अरातानं २०१२ मध्ये भारत निवडला. वडील भारतीय असल्यामुळे ‘फिफा’च्या नियमात तो लगेच बसत होता. असं नातं नसलेल्याला तेव्हा वयाच्या अठराव्या वर्षानंतर पाच वर्षं त्या देशात राहावं लागे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोचीला पॅलेस्टाईनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो भारताकडून उतरला. प्रशिक्षक होते हॉलंडचे विम कूव्हरमन्स. भारत २-४ असा हरला. परदेशी नागरिकत्व सोडून भारताकडून फुटबॉल खेळलेला आधुनिक काळातला हा पहिला खेळाडू. पुढच्या काही महिन्यांत तो मोजकेच सामने खेळला आणि मग संघ तरुण मुलांकडे वळला. वयाचा हिशेब साधा आहे. पंचविशीत आलेल्या माणसाला तिशीत परवानगी मिळाली. मधली वर्षं मिडफिल्डरच्या आयुष्यातली सगळ्यात कसदार असतात. देशानं त्याला घेतलं खरं, पण उतरणीला लागल्यावर.

क्लबला मात्र या कागदाचा फायदा लगेच झाला असणार. त्या काळी आय-लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा असत आणि त्यातली एक आशियाई खेळाडूसाठी राखीव असे. अराता भारतीय झाला आणि ती जागा मोकळी झाली. म्हणूनच पुढे इंडियन सुपर लीगमध्येही तो भारतीय खेळाडू म्हणूनच मोजला गेला. २०१५ मध्ये तो अ‍ॅटलेटिको दी कोलकाताकडून खेळला, २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीच्या निमित्तानं पुन्हा बालेवाडीला आला आणि २०१७-१८ मध्ये केरळा ब्लास्टर्सकडे गेला.

तोवर मागे काय काय घडलं होतं? पुणे एफसी २०१५ नंतर मिटला आणि त्याची अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. मग २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही मिटला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. शर्टावर शहराचं नाव असूनही हे घडलं. म्हणजे नुसतं नाव बदलून भागत नाही.

मुंबईत याच काळात आणखी एक जपानी मिडफिल्डर येऊन गेला. कात्सुमी युसा, जन्म १९८८, फुकुशिमा प्रांतातला. २०११ मध्ये तो ओएनजीसीकडे आला. अराता शांतपणे स्थिरावणारा, तर कात्सुमी अखंड पळणारा. २०१३ मध्ये ओएनजीसी आणि एअर इंडिया या मुंबईच्या दोन्ही संघांना आशियाई महासंघाच्या क्लब परवान्याचे निकष पूर्ण न केल्यामुळे आय-लीगमधून बाहेर काढण्यात आलं. सरकारी कंपनीचं खातं आणि व्यावसायिक क्लब यांतला फरक त्या निकषांना हवा होता आणि तो या दोघांकडे नव्हता. कात्सुमी मोहन बागानमध्ये गेला. २०१४-१५ ची आय-लीग, २०१६ चा फेडरेशन चषक आणि नंतर कर्णधारपद हे सगळं त्याला कोलकात्यात मिळालं. मुंबईनं त्याला भारतात आणलं आणि नाव कोलकात्यानं दिलं. कोलकात्यातही मालक बदलतात, पुरस्कर्ते पळतात, कर्ज होतं. पण मोहन बागान बंद करण्याचं पत्रक काढायची हिंमत तिथे कुणाची नाही.

तिसरा जपानी म्हणजे साय गोडार्ड. जन्म १९९७ चा, लंडनमध्ये वाढलेला, आई जपानी आणि वडील इंग्रज. टॉटनहॅमच्या अकादमीतून घडला, इटलीत बेनेव्हेंतो आणि सायप्रसमध्ये पाफोस करत २०२०-२१ मध्ये मुंबई सिटी एफसीकडे आला. आशियाई खेळाडूच्या जागेवर. सर्जिओ लोबेरांच्या त्या संघानं लीगची ढाल जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २-१ हरवून चषकही घेतला. ओडिशाविरुद्धच्या ६-१ अशा विजयात गोडार्डचा एक गोल होता. पण कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यात, बंद दारांआड झाला. मुंबई सिटी पहिल्यांदा विजेती झाली आणि त्या संघातला जपानी मिडफिल्डर मुंबई सिटीकडून अंधेरीच्या मैदानावर लीगचा एकही सामना न खेळता परत गेला.

अंधेरीचं हे मैदान म्हणजे वीरा देसाई रोडवरचं शहाजीराजे क्रीडा संकुल. १९९६ मध्ये मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम इथेच झाला, हे उपनगरात फुटबॉलपेक्षा जास्त लोकांना आठवतं. मुंबई सिटीनं २०१६ मध्ये इथे घर केलं. जेमतेम सात हजारांच्या आसपास प्रेक्षकांची जागा, पण मैदानाला चिकटून. ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ नावाच्या चाहत्यांचा आरडाओरडा खेळाडूंच्या थेट कानात जातो. जून २०१८ मध्ये सुनील छेत्रीनं लोकांना स्टेडियममध्ये येण्याची हात जोडून विनंती केली ती याच मैदानासाठी. १ जूनला चायनीज तैपेईविरुद्ध भारत ५-० जिंकला तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्याच्या विनंतीनंतर ४ जूनला केनियाविरुद्ध मैदान भरलं. लोक येत नाहीत असं नाही, त्यांना दर वेळी कुणीतरी बोलवावं लागतं. आणि आशियाई चँपियन्स लीगचे सामने आले तेव्हा मुंबई सिटीला अंधेरी सोडून बालेवाडी आणि नेरूळ गाठावं लागलं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला तेव्हा वाटलं होतं की निदान हे घर पक्कं झालं. पुढे लीगचे व्यावसायिक हक्क कुणाकडे असावेत या घोळात २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही आणि डिसेंबर २०२५ मध्ये ग्रुपनं आपला हिस्सा संस्थापक मालकांना परत देऊन निरोप घेतला. महिंद्रा, ओएनजीसी, पुणे एफसी, पुणे सिटी यांच्या रांगेत हे नाव जाणार नाही अशी आशा आहे. खात्री नाही.

याच सुमारास नागरिकत्वाची गोष्टही पुन्हा जागी झाली. बंगळूरू एफसीचा रायन विल्यम्स हा ऑस्ट्रेलियात वाढलेला. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आणि आजोबा संतोष चषकात मुंबईकडून खेळलेले. २०२५ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. त्याला शिबिराला बोलावणारे राष्ट्रीय प्रशिक्षक खालिद जमील हे स्वतः महिंद्रा युनायटेडचे जुने खेळाडू. तिशी ओलांडल्यावर निळा शर्ट मागायला आलेला हा दुसरा. अरातानंतर मध्ये तेरा वर्षं गेली आणि नियम तसूभर हललेला नाही. माझं मत स्पष्ट आहे. ओसीआय कार्ड असलेल्या खेळाडूला भारताकडून खेळू देण्याचा विचार सरकारनं आता तरी करावा. मात्र तो आपल्या क्लबांच्या दुखण्यावरचा इलाज नाही. बाहेरून आलेला खेळाडू दहा वर्षं राहील एवढं टिकाऊ घर आधी हवं.

खेळणं थांबल्यावर अराता नवी मुंबईत, रिलायन्स फाउंडेशन यंग चँप्स या निवासी अकादमीत प्रशिक्षक झाला. देशभरातून निवडलेली मुलं तिथे घणसोलीला राहतात, शिकतात, खेळतात. जपानला परत जाण्याचा रस्ता त्यानं स्वतःच बंद केला होता, आणि इथे राहून त्यानं निदान एक गोष्ट साधली. ज्या वयात मधल्या फळीतल्या मुलाला चेंडू मिळण्याआधी मान वळवून आजूबाजूला बघायची सवय लावावी लागते, त्या वयाची मुलं त्याच्या हाताखाली आली.

पण ही मुलं पुढे खेळणार कुठे? मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगचे सामने वांद्रे रेक्लमेशनजवळच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर होतात. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणाऱ्या मुंबईकराचं नाव त्या मैदानाला आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठूनही तिथे पोचायला फार तर एक-दीड तास लागतो. ज्या क्लबाचं नाव तुमच्या भागाचं असेल, तो शोधा, त्याचा सामना कधी आहे ते विचारा आणि या हिवाळ्यात एकदा जाऊन बसा. उद्या त्याच्या मालकानं बंदचं पत्रक काढलं, तर निदान विरोध करायला चार माणसं असतील.